अंधारातच उघडा

९ जानेवारी

भोंग्या,

एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्ता तुझ्या ताईकडून घेतला. तिने तीनदा विचारलं, "भांडायला नाही ना रे?" मी नाही म्हटलं. खोटं बोललो.

एकच प्रश्न आहे, सरळ उत्तर दे. इथल्या चष्म्याच्या दुकानदाराशी तुझा पत्रव्यवहार आहे का? फोन वगैरे करतोस का त्याला? लगेच नाकाने कांदे सोलायला लागू नकोस, आधी ऐकून घे.

तुझी वहिनी (वहिनीच म्हणायचं, सवय करून घे) गेले चार महिने दर गुरुवारी चार वाजता घराबाहेर पडते. बालवाडी दीडला सुटते, म्हणजे तिथलं काम नाही. इस्त्रीचे कपडे घालते. कुठे चाललीस विचारलं तर म्हणते, "जरा जाऊन येते." तिचं जरा म्हणजे दोन तास. आणि परत येते ती गुणगुणत. काय गुणगुणते? आपलं गाणं. आपल्या रॉक बँडच्या त्या एकुलत्या एका कॅसेटमधलं शेवटचं, ज्यात तू गुरासारखा ओरडला होतास ते.

मी आता लिफ्ट दुरुस्त करतो. लोक म्हणतात लिफ्ट झकास चालली आहे, मी कान लावतो आणि सांगतो की नाही, वरच्या चाकात खरखर आहे. कान लावणं हाच माझा धंदा. तेव्हा घरात खरखर ऐकू आल्यावर मी मूग गिळून बसेन असं तुला वाटत असेल तर तू मला विसरलास.

गेल्या गुरुवारी तिच्या मागे गेलो. हो, गेलो. लाज वाटली तरी गेलो. चष्म्याच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. लिफ्ट नाही. आता हे ऐक: तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. सहा पायऱ्या चढली की थांबते, छातीवर हात ठेवते. डॉक्टर म्हणतात मार्चच्या आत ऑपरेशन करा, आणि ही बाई "बघू" म्हणून महिनाभर टोलवते आहे. मला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पाणी आणून द्यायला तिला दम लागतो, आणि तिथे दोन जिने चढून जाते!

दार अर्धवट उघडं होतं. अकरा खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर. त्यात आपलं गाणं. गिटार किंचाळतेय, मी ड्रम बडवतोय, तू बोंबलतोयस, आणि ती अकरा माणसं डोळे मिटून गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. तुझ्या त्या आरोळीला एका वयस्क बाईंनी डोळे पुसले. भोंग्या, असल्याच आरोळ्यांवरून आपल्याला घरमालकाने हाकललं होतं.

यात तुझा हात आहे का? नसेल तर कुणाचा आहे?

ठोक्या


१९ जानेवारी

भोंग्या,

उत्तर नाही. म्हणजे एक तर पत्र मिळालं नाही किंवा मिळालंय आणि पाणी कुठेतरी मुरतंय. मी दुसरं धरून चालतो.

या गुरुवारी मी उघडपणे गेलो. आधी खाली दुकानात डोळे तपासून घेतले, म्हणजे निमित्त झालं. चष्मेवाले साठीचे, बारीक आवाजाचे, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणारे. इतका सभ्य माणूस पाहिला की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, वर काहीतरी असतं म्हणे. "या ना," म्हणाले. इतकंच. वर गेलो तर ती बसलेली. मला वाटलं दचकेल. ती म्हणाली, "आलास का शेवटी?" आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली.

बँडमध्ये ड्रम वाजवणारा मीच, हे तिने तिथे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. का नाही सांगितलं? याचाही मी विचार करतोय.

कॅसेटचा उलगडा मात्र झाला. ती आमचीच. तुझ्या वहिनीची. चष्मेवाल्यांची बायको गेली तेव्हा ही नंबर तपासायला गेली होती. ते काच बसवता बसवता रडायला लागले. हिने दुसऱ्या दिवशी कॅसेट नेऊन दिली, म्हणाली, मला बरं वाटतं याने, तुम्ही ऐकून बघा. त्यांनी ऐकली. रोज ऐकली. मग गिऱ्हाइकांपैकी कुणाकुणाला ऐकवली. असं ते जमलं. तेव्हा त्या बाबतीत तुला सोडतो.

तिथे काय चालतं ते सांगतो. गाणं एकदा ऐकायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, मग एकेकाने एकेक ओळ घेऊन बोलायचं. वर्गणी नाही, पेटी नाही, फोटो नाही, हार नाही. मी खुर्च्यांखालीसुद्धा वाकून पाहिलं. काहीच मागत नाहीत, हे मला सगळ्यात संशयास्पद वाटलं. चष्मेवाले म्हणतात, "देव आपल्याशी थेट बोलत नाही. एखादा गाणारा भलत्याच तंद्रीत असतो, त्याच्या तोंडून तो बोलून घेतो. गाणाऱ्याला पत्ताही नसतो." पत्ता नसतो हे शंभर टक्के खरं आहे.

कारण त्यांची सगळ्यात लाडकी ओळ कुठली माहीत आहे? "अंधारातच उघडा, अंधारातच उघडा, उजेड लागला तर आतलं सगळं जाईल." आणि त्याच्या मागोमाग, "थंड कोरड्या जागी ठेवा."

आठवलं? हसलास का? मी फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये कामाला होतो, आणि ड्रम नव्हते तेव्हा फोटोच्या कागदांची रिकामी खोकी मांडून त्यांवर सराव करायचो. आधी चाल, मग शब्द, ही आपली रीत. शब्द येईपर्यंत जे डोळ्यांसमोर दिसेल ते चालीत कोंबायचं. आपण त्याला खोगीर म्हणायचो. माझ्या डोळ्यांसमोर खोकं, खोक्यावर लेबल, मी ते ओरडलो. नंतर तू खरे शब्द आणणार होतास. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते नव्हते, म्हणून खोगीर तसंच राहिलं.

तर त्या खोगीरावर लायब्ररीत काम करणाऱ्या त्या वयस्क बाई वीस मिनिटं बोलल्या. थंड कोरडी जागा म्हणजे आसक्ती सुटलेलं मन. मी दात आवळून बसलो होतो. नंतर एकाने म्हटलं की आतलं जे मोलाचं असतं ते उजेडात उघडायचं नसतं, आणि तुझी वहिनी मान डोलवायला लागली.

ऑपरेशनच्या टेबलावर केवढे दिवे असतात, पाहिलेयस कधी? डॉक्टरांनी चित्र दाखवलं होतं आम्हाला. छाती उघडणार, आणि वर तो भला मोठा दिवा. आता जोड दोन गोष्टी. "उजेड लागला तर आतलं सगळं जाईल." म्हणून ही "बघू" म्हणतेय! एका लेबलापायी माझी बायको जीव घालवायला निघाली आहे आणि अकरा सभ्य माणसं मान डोलवताहेत.

मी हे चालू देणार नाही.

ठोक्या


३ फेब्रुवारी

भोंग्या,

माझ्या हातून फार वाईट घडलंय. शिव्या नंतर घाल, आधी वाच.

त्या खोक्यांपैकी एक माझ्याकडे अजून आहे, मी त्यात स्क्रू ठेवतो. गुरुवारी स्क्रू डब्यात ओतले आणि खोकं पिशवीत घालून गेलो. गाणं झालं, पाच मिनिटं झाली, लायब्ररीवाल्या बाईंनी तोंड उघडायच्या आत मी उठलो आणि खोकं टेबलावर आपटलं. म्हटलं, "हे घ्या तुमचं शास्त्र. वाचा. ड्रम वाजवणारा मी आहे, आणि ही ओळ मी या खोक्यावरून वाचून ओरडलोय. देवाने नाही सांगितलं, कारखान्याने छापलंय." आणखीही बोललो. तुम्ही माझ्या बायकोला ऑपरेशन करू देत नाही, असंसुद्धा बोललो.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून लेबल वाचलं, परत लावून वाचलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. तिने पर्स घेतली आणि ती जिना उतरायला लागली. मी मागे.

घरी आल्यावर, चप्पल काढता काढता म्हणाली, "मी सोमवारीच सही केली होती."

मी म्हटलं, कशावर?

"ऑपरेशनच्या फॉर्मवर. तुला रविवारी सांगणार होते, तुझ्या सुट्टीच्या दिवशी."

भोंग्या, तिला दिव्याची भीती कधीच नव्हती रे. भीती होती ती भुलीची. ती दहा वर्षांची असताना तिच्या वडिलांना साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली आणि ते शुद्धीवर आलेच नाहीत. हे मला ठाऊक होतं. लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मी ते जोडलंच नाही, मी दिवा जोडला. तिला वाटायचं, डोळ्यांवर अंधार येईल आणि आपण तिथेच राहू. त्या मंडळाने तिला चार महिने लावून एवढंच शिकवलं होतं की काही गोष्टी अंधारातच उघडाव्या लागतात, म्हणून अंधाराला भ्यायचं नाही. नाकावर मास्क ठेवतील तेव्हा ती ही ओळ म्हणणार होती. तेच ती गुणगुणत घरी यायची. सराव करत होती.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात फोन करून ऑपरेशनला नकार कळवला. मी समोर उभा होतो. तिने रिसीव्हर ठेवला आणि बालवाडीच्या मुलांसाठी कागदाचे मासे कापायला बसली.

डॉक्टर म्हणतात चौदा मार्चची तारीख अजून धरून ठेवता येईल, पुढे ते जबाबदारी घेणार नाहीत.

आता माझं काम आहे तुझ्याकडे. तुझ्याशी एकोणीस वर्षं बोललो नाही आणि आता हात पसरतोय, कसंही समज. तिला एक पत्र लिही. लिही की ओळ तुझी आहे. तुला ती कुठेतरी सुचली, डोंगरावर, पाण्याकाठी, कुठेही. लिही की खोक्याचं मी बनवून सांगितलं, जळफळाटाने. मला खोटारडा ठरव. तुझं ती ऐकेल. तुझं ती नेहमीच ऐकायची.

ठोक्या


२० फेब्रुवारी

भोंग्या,

पाकीट मिळालं. तिच्यासाठीचं पत्र आणि माझ्यासाठीची चिठ्ठी, दोन्ही.

तिच्यासाठीचं पत्र मी उघडून वाचलं, अर्थातच. काय लिहिलंयस रे! वीज गेलेली, वडील आजारी, हाताने चाचपत तू औषधांची पेटी उघडलीस आणि ओळ सुचली. वाचून मीच क्षणभर गडबडलो. तू हे माझ्यासाठी रचलंस, की तुला आता खरंच तसं आठवायला लागलंय, याचा मला संशय आहे. पण उपकार आहेत. मनापासून म्हणतो.

आणि तरीही मी ते तिला दिलं नाही.

कारण आधी चष्मेवाले घरी आले. खोकं परत द्यायला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "अहो, मला तर आता जास्तच पटलं. तुम्ही दोघांनी डोकं लावून लिहिलं असतं तर त्यात तुमचा शहाणपणा शिरला असता." आणि चहा पिऊन गेले. म्हणजे त्या अकरा जणांचं मी केसभरही बिघडवू शकलो नव्हतो. मी तिला म्हटलं, बघ, त्यांना खोक्याचं काहीच वाटलं नाही, तूच का मनाला लावून घेतेस?

ती म्हणाली, "खोक्याचं मलाही काही नाही. सतरा वर्षं मी ते गाणं तुझ्यासमोर म्हणतेय. भांडी घासताना म्हणतेय. आई गेली तेव्हा म्हणत होते. आणि तू दरवेळी मनात हसत होतास. मला आत अंधारात जायचंय, आणि बाहेर कोण बसणार? तू. मी कुणाच्या भरवशावर जाऊ?"

तोंडात मारल्यासारखं झालं. आता तूच सांग, यावर मी तिच्या हातात आणखी एक बनवलेलं पत्र ठेवू? तिला कळलं असतं. आज नाही तर दोन वर्षांनी.

तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ आहे: "तो कागद खरंच हरवला होता का?"

नव्हता.

घे, लिहिलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी तू मला कागद दिलास, खरे शब्द, स्वच्छ अक्षरात, म्हणालास खिशात ठेव. मी रेकॉर्डिंग स्टुडिओच्या जिन्यात वाचला. त्यात ती होती. नाव नव्हतं, पण बालवाडी होती, फाटक होतं, आणखी कोण असणार? तेव्हा ती तुझीही नव्हती आणि माझीही नव्हती. मला वाटलं, हे गाणं एकदा तिच्या कानावर पडलं की माझा कारभार आटोपला. मी कागद बुटात घातला. तू खिसे तपासलेस, मी आईची शपथ घेतली. वेळ संपत आली होती, तू चिडून खोगीरच गायलास, म्हणूनच ती आरोळी तशी आली. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "तू मला बुडवलंस." मी तुझी कॉलर धरली. आपण त्यानंतर बोललो नाही आणि दोन वर्षांनी माझं तिच्याशी लग्न झालं.

आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेत आलो ना, त्याचं कारण हेच. चोर आपल्याच घरात बसलाय, हे मला माहीत होतं.

कागद माझ्याकडे आहे. फेकायचं धाडस झालं नाही. उद्या तिला देतो. मग ती मला घरात ठेवते की नाही ते कळवतो.

ठोक्या


२७ फेब्रुवारी

भोंग्या,

दिला. सगळं सांगितलं, बुटासकट. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट समोर ठेवायची आणि उठून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तर आतून हसण्याचा आवाज. खोकला लागेपर्यंत हसली. घाबरून धावलो. तिच्या हातात कागद.

"तू हे वाचून घाबरलास?" मला म्हणाली, आणि मोठ्याने वाचायला लागली:

तुझ्या डोळ्यांच्या दोन दिव्यांवर
माझ्या प्रेमाचा पतंग जळाला,
बालवाडीच्या फाटकापाशी
माझा जीव कायमचा पळाला.

"जीव कुठे पळाला? फाटकातून?" परत हसली. वाईट वाटून घेऊ नकोस, मी बाजू घेतली तुझी. म्हटलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ती म्हणाली, हे गाणं कॅसेटमध्ये असतं तर तिने आपल्या दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

मग तिने कागदाची घडी घातली. म्हणाली, "आणखी काय लपवलंयस?" मी खूप आठवून पाहिलं. तुझं खोटं पत्र मी मागवलं होतं, ते सांगितलं आणि तेही दिलं. तिने वाचलं नाही, बाजूला ठेवलं. "आणखी?" मी म्हटलं, मागे एकदा तुझ्या मागे मागे चष्म्याच्या दुकानापर्यंत गेलो होतो. "ते मला माहीत आहे, तुझे बूट वाजतात. आणखी?" आता काहीच नाही, म्हटलं. आणि भोंग्या, खरंच काही नव्हतं. मोकळं वाटलं आणि भीतीही वाटली.

तिने स्वतः फोन केला. चौदा तारीख पक्की.

ठोक्या


१४ मार्च, दुपार

भोंग्या,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. साडेआठला आत नेलं, आता दीड वाजलाय. चार तास म्हणाले होते. पाच झाले. काचेच्या दारामागून माणसं ये-जा करतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. मुद्दाम बघत नाहीत, असं मला वाटतं. मघाशी एक वॉर्डबॉय दोन रिकाम्या बाटल्या घेऊन लगबगीने गेला. कसल्या बाटल्या? विचारलं तर म्हणाला, "काका, बसा." चष्मेवाले आणि लायब्ररीवाल्या बाई दहा वाजता आले, माझ्या दोन बाजूंना बसले. अजून एक शब्द बोललेले नाहीत. त्यांचं हे गप्प बसणं आज बरं वाटतंय.

सकाळचं सांगतो. तिला स्ट्रेचरवर घेतलं, मी दारापर्यंत हात धरून चाललो. तिचा हात गार पडला होता. दाराशी ती म्हणाली, "म्हण माझ्याबरोबर."

मी इकडेतिकडे पाहिलं. नर्स होत्या, कुणाचे कुणाचे नातेवाईक होते. मी कधीच गायलेलो नाही, तुला माहीत आहे, मी फक्त बडवायचो. पण म्हटलं. अंधारातच उघडा, अंधारातच उघडा. तिचे ओठ हलत होते, ती माझा चेहरा पाहत होती, मी हसतोय का ते पाहत होती. मी हसत नव्हतो. रडत होतो. तिने मान हलवली आणि हात सोडला.

दार मिटल्यावर मी परत म्हटलं. एकट्यानेच. तेव्हा कुणाला दाखवायचं नव्हतं, कुणी ऐकतही नव्हतं. तू विचारशील, विश्वास बसला का? माहीत नाही. पाच तासांत किती वेळा म्हटलं तेही माहीत नाही. ते तू लिहिलं नाहीस, मी लिहिलं नाही, एवढं मात्र नक्की. मग मी कुणाला म्हणत होतो, हे मला कळत नाही.

थांब, दार उघडलं.

डॉक्टर नाहीत, नर्स आली. तिने मला विचारलं, "तुम्हीच का ते?" मी उभा राहिलो. म्हणाली, त्या शुद्धीवर येताहेत, झडप छान बसली, नळ्या काढेपर्यंत बोलू नका म्हटलं तर हाताने पाटी-पेन मागितलं. पाटी तिने माझ्यासमोर धरली. अक्षर वेडंवाकडं, पण तिचंच.

"बाहेर एक माणूस आहे. आधी त्याला आत घ्या, नाहीतर तुमच्या सगळ्यांवर संशय घेईल."

जातो.

ठोक्या